एकदाच की एकदाचं

३ जुलै
ति. ताईस,
सा. न. वि. वि.
दुरुस्तीला आलेल्या सोफ्याच्या पोटातून मांजरीची दोन पिल्लं निघाली, हे कळवलंच होतं. काळा माझ्याकडे राहील. पांढऱ्या पायांचा मोजे उद्या तुझी भाची आणून देईल. भावजी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणालीस ना, आता ह्याला खायला घाल! डॉक्टरांना त्याने कोपरापर्यंत ओरबाडलं. साथीच्या रोगांवरचं टोचणं एकदाच झालय. पुढच तू बघशीलच.
तुझ्या धाकाखाली वाढलेला,
धाकटा

१० जुलै
चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.
मोजे पोचला आणि आल्या आल्या माझ्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर निजला. तीस वर्षं छापखान्यात परक्यांच्या चुका काढल्या, पण सख्ख्या भावाचं शुद्धलेखन काही सुधारलं नाही. तुझं पत्र नेहमीप्रमाणे लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवतेय. ‘झालय’, ‘पुढच’, ‘एकदाच’, तिन्हींवर टिंब मी दिलंय. टिंबं काय विकत आणावी लागतात का रे?
काल कितीतरी दिवसांनी मी एकटीच मोठ्याने हसले. ह्याने माझी पेन्सिल पळवली होती.
काळ्याला माझ्याकडून एक थोपटणं दे.
तुझी ताई

२२ ऑगस्ट
चि. धाकट्यास, आशीर्वाद.
मोजे काल गेला. चार दिवस ओकाऱ्या. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचा, पण घोटभर पाणी पोटात जाईना. डॉक्टरांनी विचारलं, दुसरा डोस कधी दिला? मी ठणकावून सांगितलं, भावाने सगळं उरकूनच पाठवलाय. ते म्हणाले, पिलांना तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचावंच लागतं.
तेव्हा कुठे मला तुझं वाक्य आठवलं. एकदाच झालं, असं तू लिहिलं होतंस आणि बरोबर लिहिलं होतंस. मीच त्यावर टिंब दिलं आणि एकदाचं झालं म्हणून निर्धास्त बसले. ह्यांच्या वेळी रडले नाही इतकी रडले रे. पेन्सिल मोडून टाकलीय. तुझ्या अक्षराला पुन्हा हात लावणार नाही.
ताई

२७ ऑगस्ट
ति. ताईस,
सा. न.
तुझं पत्र वाचलं आणि टाचण्यांचा खण उपसला. तू तपासून पाठवलेली पत्रं मी तिथे कोंबतो. तुझं लाल टिंब तिथेच होतं, चांगलं ठसठशीत. दीड महिना! एकदा नजर टाकली असती तर त्याच दिवशी कळवलं असतं. पण ताईची शाळा म्हणून तुझ्या पत्रातली टिंबांची ओळ मी हसून सोडून दिली आणि त्या तपासलेल्या पत्रांची घडी आजवर उघडलीच नाही. काळ्याला जुलैअखेर दुसऱ्यांदा टोचून आणलं, तेव्हाही तुला विचारायचं सुचलं नाही. आता तो खिडकीत बसलाय आणि माझ्याने त्याच्याकडे बघवत नाही.
सोबत नवी लाल पेन्सिल आहे. हे पत्र तपास आणि परत पाठव. लोभ आहेच, थोडा रागही असू दे. ह्या वेळी मी एकेक टिंब वाचीन.
तुझा धाकटा