‘नाय’ म्हणजे हो

८ जून २००९, मुरबाड
वसतिगृहाची यादी शुक्रवारी लागणार. निवड माझा प्रोग्राम करतो. वडील नसलेल्या मुलींना आधी जागा, असा नियम. तानसा तलावाकडच्या सुगंधाचा बाप वारलाय, तरी ती यादीत कुठेच नाही. तिची आई सकाळपासून ओट्यावर बसून. जागा नाही मिळाली तर अकरावी संपली, पोरगी मजुरीला. वॉर्डन लीलाताई म्हणाल्या, मशीनच ते, चुकायचंच. मला झोंबलं.

९ जून
चूक कुठे होते ते कळावं म्हणून कोडमध्ये जिथे तिथे प्रिंटची ओळ टाकून पाहिलं. कोडचे चाळीस तुकडे, चाळीस फंक्शनं, किती ठिकाणी टाकू? डोकं पिकलं. आईचा फोन, जेवलीस का. तिच्यावरच ओरडले. वाईट वाटलं, पण परत फोन नाही केला.

१० जून
प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय त्या पायथनच्या नव्या आवृत्तीत क्लास डेकोरेटर आलाय, सगळी फंक्शनं ज्यात असतात त्या क्लासला बाहेरून लावायची सोय. एक छोटं फंक्शन लिहिलं आणि त्याची एक ओळ, टिकली लावावी तशी, क्लासच्या डोक्यावर लावली. आतल्या कोडला हात नाही. आता प्रत्येक फंक्शन लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, आपणहून सांगणार, काय आलं, काय परत दिलं. चालवलं, तर लॉग कोरा. लॉगची पातळी डीबगवर, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदव अशी, ठेवायचीच विसरले. शहाणी मी.

११ जून, दुपार
सापडलं. सुगंधाची ओळ: वडील आहेत का, आलं ‘नाय’, परत दिलं हो.
फॉर्म लीलाताई विचारून भरतात. सुगंधाची आई म्हणाली नाय, त्यांनी टाइप केलं नाय. माझा कोड फक्त ‘नाही’ ओळखतो, बाकी सगळं हो. घरी मी स्वतः काय बोलते? नायच की. लाज वाटली.
ली.ताई एवढंच म्हणाल्या, “आमी बोलतो तसंच लिवलं. तुला तरी कळायला पायजे होतं गो.”
आता दोन्ही शब्द धरलेत. सुगंधा यादीत चौथी.

१२ जून
यादी लागली. सुगंधाची आई नावावर बोट ठेवून उभी होती, हलेचना.
गेल्या वर्षीची यादीही ह्याच प्रोग्रामची. राहवेना. जुने फॉर्म लॉग लावून चालवले. सहा ‘नाय’. सहाही जणी बाहेर.
ली.ताईंना कागद दिला. त्यांनी एकेक नाव वाचलं. मग म्हणाल्या, “यातल्या दोघींची लग्नं झाली.”
उरलेल्या चौघींचे पत्ते उतरवून घेतलेत. पहिली शेणव्याची. त्या गावी सोमवारी जाते. दारात उभी राहून काय सांगायचं, ते अजून सुचत नाही.