तड्यांवरच्या काचा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासले. पुतण्या पुढे नेमका तोच मुद्दा काढील, म्हणून आधीच नोंदवते.

१. यजमान कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. त्यांचे नकाशे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना. दाखवावेत, उसने देऊ नयेत.

२. शिवणयंत्र धाकट्या जावेला. माझ्या नोकरीवरून तिने आयुष्यभर नाक मुरडले. यंत्र देते, माफी त्यात धरू नये.

३. पुतण्या खाणीत ओव्हरमन आहे, खालच्या कामावर देखरेख त्याची. शाळेत चौथीच्या वर्गाच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा मी यजमानांच्या पद्धतीने प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने बसवली. भिंत सरकली की काच तुटते. दोन वर्षांत एकही तुटली नाही. सगळे निर्धास्त झाले, मी नाही. बसवण्यापूर्वी प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात मी बारीक रेघ ओरखडून ठेवली होती, हे कोणाला सांगितले नव्हते. मंगळवारी भिंग लावून पाहिले. अकरापैकी नऊ पट्ट्यांवर रेघ नाही.

पुतण्याला विचारले, "काचा कोणी बदलल्या?"

"काकू, किल्ली शिपायाकडेही असते."

"किल्लीचं मी कुठं विचारलं?"

त्याने कप खाली ठेवला. "शाळेखालचं काम थांबलं तर तिन्ही वस्त्यांच्या चुली विझतील. याच पोरांचे बाप आहेत खाली."

"आणि वर पोरं आहेत."

"वर्षभर तरी काही होत नाही."

सबब घर त्याला नाही. यजमानांचे मनगटी घड्याळ त्याला; त्यांच्या आजारपणात त्याने रात्रंदिवस केले, ते मी नाकारत नाही.

४. पट्ट्यांचा तपशील खाण सुरक्षा अधिकाऱ्यांना रजिस्टर टपालाने गेला आहे. पावती वकिलांकडे आहे. माझ्या कपाटात शोधू नये.

५. राहते घर शाळेला. जागा यजमानांनी स्वतः पारखली होती. खाली अखंड खडक आहे, कोळसा नाही. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं." भिंत तेवढी थांबेल असे मला वाटत नाही. म्हणून चौथीचा वर्ग येत्या सोमवारपासून माझ्या पुढच्या खोलीत भरेल. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण तेही माझेच विद्यार्थी. माझा पलंग आज स्वयंपाकघरात हलवला आहे.

सही: निवृत्त मुख्याध्यापिका
स्थळ: राहते घर
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

बाईंनी हे आमच्यासमोर दोनदा वाचून, मगच सही केली.
साक्षीदार: १. दवाखान्याचे डॉक्टर २. निवृत्त पोस्टमन