डबीतली टकटक

२१ जानेवारी २०२६, बुधवार

टक्. मग शांत. पुन्हा टक्.

पाच आठवडे खपून ही डबी बनवली. पायानं बटण दाबलं की गिटारचा आवाज फाटतो, गुरगुरतो — तेवढंच तिचं काम. गुरगुरते झकास! पण मधी मधी हे टक्. मी तार छेडो न छेडो, हिचं चालूच.

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनीतले फॉल्ट शोधले. लोहारा, ढोकी, भूम — बदली होईल तिथं. रिटायर झालो त्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले होते, "शरणबसप्पा नुसता रिसीव्हर कानाला लावतात आणि फॉल्ट कुठल्या खांबावर आहे ते सांगतात." टाळ्या पडल्या होत्या. आता स्वतःच्या टेबलावरची, साबणाच्या वडीएवढी वस्तू ऐकायला तयार न्हाय!

इरम्मा म्हणाली, "चांगल्या आवाजाला फाडायचं कशाला म्हणते मी?" बायकोला संगीत समजावून सांगायचं मी फार पूर्वीच सोडलंय.

२२ जानेवारी

धोंडीबाचा फोन. शिवरात्रीच्या जत्रेत आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम पक्का झाला. पंधरा फेब्रुवारी. एकोणचाळीस वर्षांनी स्टेजवर! चौघं उरलोय. त्यातल्या ढोलकीवाल्याला ऐकू कमी येतं, पण ढोलकीला चालतंय.

गिटार अर्थात माझी. पण धोंडीबा तो धोंडीबाच. म्हणे, "शरणू, मागल्या खेपेला तुझ्या डबीत घड्याळ चालू होतं. आठ तारखेला येतो ऐकायला. टकटक राहिली तर गिटारचा भाग सिंथेसायझरवर घेतो. तू पुढं बसून टाळ्या वाजव."

टाळ्या! मी! नोकरी लागली म्हणून गिटार सोडली तेव्हा हाच माणूस स्टेजमागं रडला होता. आता मला खाली बसवतोय. न्हाय. ही टकटक गेलीच पाहिजे.

२३ जानेवारी

नव्या पोरांना शिकवताना पहिला नियम हाच सांगायचो — एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग कान द्यायचा. दोन बदलल्या की फॉल्ट गेला तरी कशानं गेला ते कळत न्हाय.

नियमानं चाललंय. सकाळी कपॅसिटर बदलला. टक्. दुपारी ट्रान्झिस्टर बदलला, जुन्या रेडिओतला, जपून ठेवलेला. टक्. वायर आखूड केली. टक्. मग चहा मागितला. आला. त्यात साखर न्हाय.

२४ जानेवारी

इरम्मा दारात उभी राहून ऐकत होती. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मग बाहेर गेली, पार कुंपणापर्यंत, आणि परत आली.

"अवो, माझी झटका मशीन बी अशीच —"

"तव्यावर भाकरी करपतीय," मी म्हणालो.

खरंच करपत होती. माझी चूक नव्हती.

ही मशीन तिनं दिवाळीत बसवली. मक्याभोवती तार, तारेला शॉक, की रानडुकरं आणि हरणं लांब. बॅटरीवर चालते, वर सोलरची पाटी. घरात चौतीस वर्षं लाइनीचं काम केलेला माणूस असताना हिनं वायरिंगचं एका शब्दानं विचारलं न्हाय. मी तिकडं फिरकत न्हाय.

२७ जानेवारी

डबी, गिटार, अॅम्प्लिफायर — सगळं बिऱ्हाड घेऊन जीपनं लोहाऱ्याला. जीपवाल्यानं गिटारचं वेगळं भाडं घेतलं. शिवपुत्र रेडिओ-मोबाइल दुरुस्त करतो, माझ्याच वयाचा. त्याच्या दुकानात जोडलं, बटण दाबलं. टकटक न्हाय! अर्धा तास वाजवलं, एक टक् न्हाय. शिवपुत्र चष्म्यावरनं बघत म्हणाला, "अप्पा, डबी बरी आहे. कान तपासून घ्या एकदा."

घरी आलो, जोडलं. टक्.

निष्कर्ष: लोहाऱ्याची लाईट सरळ, आमच्या शिवारातली वाकडी.

२८ जानेवारी

डबी पत्र्यात बंद करायची ठरवली. पत्र्यानं बाहेरचा उपद्रव अडतो. इरम्माचा बिस्किटाचा डबा सापडला, त्यात शेंगदाण्याची चटणी होती. ती ताटात काढली आणि पत्रा कापला.

इरम्मानं ताट बघितलं, कापलेला डबा बघितला. म्हणाली, "होगली बिडी." तिचं माहेर आळंदचं. भांडायचं तर मराठीत भांडते. राग गिळायचा असला की कानडीत, जाऊ द्या म्हणून.

टक्. आता वर चटणीचा वास.

३० जानेवारी

टक्.

१ फेब्रुवारी, रविवार

गेली! गेली! गेली!

पत्र्यावरून तांब्याच्या तारेचे तीन वेढे दिले आणि टोक जमिनीत पुरलं. आजपासून वस्तीवर लाईट साडेचारलाच येते. आली तसा बसलो. साडेसहापर्यंत एक टक् न्हाय! तीन वेढे! दोन न्हाय, चार न्हाय, तीन. अनुभव म्हणतात तो हा.

इरम्माला ऐकवायला हाक मारली. घरात नव्हती. मी गिटार काढली तेव्हाच उठून शेताकडं गेलेली.

३ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, डबी मुकी. म्हणजे मुकी न्हाय, गुरगुरते, पण टकटकत न्हाय. धोंडीबाला फोन करून वेढ्यांचं सगळं समजावलं. तो मधीच जेवायला गेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. लिहूनच ठेवतो. रोज साडेचारला मी बसलो की ही बाई उठून जाते. सदतीस वर्षांचा संसार, आणि नवरा वाजवतो ते दहा मिनिटं ऐकवत न्हाय! दिवे लागायच्या वेळेला येते. विचारलं तर "मक्यात होते." मका काय पळून जातोय का?

वर त्या मक्याकडनं कुणीतरी थाळी बडवतं. शेजारच्या बलभीमचा गडी असणार, पाखरं हाकत. बडव बाबा, पण तालात तरी बडव! शेवटी खिडकी लावून घेतली.

६ फेब्रुवारी

तिसरं कडवं अजून हातातून निसटतं. तिथं घाई होते. बाकी चोख.

८ फेब्रुवारी, रविवार

पास!

धोंडीबा आला, खुर्चीत डोळे मिटून बसला. अख्खं गाणं वाजवलं. संपल्यावर तो कितीतरी वेळ डोळे उघडेना. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "सत्याऐंशी सालचा शरणू आला की रं परत." मी तीन वेढ्यांचं पुन्हा समजावून सांगितलं.

तेवढ्यात इरम्मा शेतातून आली. केसांत मक्याचा तुरा, पदरभर कुसळं. पाव्हणा येणार माहीत असून अशी! चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आज तिसऱ्या कडव्याला घाई न्हाय झाली."

धोंडीबा हसला. "वहिनींचा कान बघ!"

हिनं कधी ऐकलं? अंदाजानं ठोकलं असणार, आणि नेमकं बसलं.

१० फेब्रुवारी

इरम्मा सकाळी आळंदला गेली, भावाकडं, तीन दिवस. एसटीत चढता चढता म्हणाली, "मशीनला हात लावू नका. मका भरात आलाय." मी कशाला लावतोय हात?

साडेचार वाजले. बसलो. बटण दाबलं.

टक्.

चौथा वेढा दिला. टक्. पाचवा. टक्. सातव्या वेढ्याला तार संपली. पाच दिवसांवर जत्रा! धोंडीबा फोनवर म्हणाला, "सिंथेसायझरवाल्याला सांगून ठेवू का?" फोन ठेवून दिला. जेवलो न्हाय.

११ फेब्रुवारी

चोर सापडला! लाईटच! पहिल्यापासून म्हणत होतो.

माझा अॅम्प्लिफायर बारा व्होल्टचा, अडॅप्टरवर चालतो. म्हणजे शिवारातली वाकडी लाईट त्यात शिरणार. शुद्ध करंट पाहिजे तर बॅटरीच. आणि बारा व्होल्टची मोठी बॅटरी दारात असताना बाजारात कशाला जायचं? साडेचारला इरम्माच्या मशीनची बॅटरी सोडवली, खोलीत आणली, जोडली. टकटक साफ बंद! सात वेढे सोडून टाकले, तरी बंद!

तो थाळीवाला गडीही आज आला न्हाय. किती शांत!

बॅटरी उद्याच्या सरावाला लागेल म्हणून इथंच ठेवली. एका रात्रीत काय डुकरं येतात? महिन्यात एक दिसलं न्हाय.

१२ फेब्रुवारी

मक्याचा वरचा कोपरा आडवा झालाय. कणसं चघळून टाकलीत. जमीन उकरलीय.

बॅटरी परत ठेवायला मशीनचा डबा उघडला. काल घाईत झाकण बघितलंच नव्हतं. आतल्या बाजूला खडूनं, इरम्माच्या अक्षरात: "४.३० बंद. ६.३० चालू." खाली एक ते नऊ तारखा आणि प्रत्येकीसमोर एक रेघ.

बॅटरी जोडली. मशीन सुरू झाली. टक्. मग शांत. पुन्हा टक्.

काल मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. एक तारखेलाही दोन बदलल्या होत्या — एक मी, एक तिनं.

मक्यात शिरलो. आत पोत्याची घडी, शेजारी पोचे आलेली थाळी आणि काठी. घडीवर बसून बघितलं तर समोर माझी खिडकी. बंद. मीच लावून घेतलेली. लाज वाटली. लई लाज वाटली.

फोन केला. "झाकणावरचं वाचलं," म्हणालो.

"दिसलं व्हय?" इरम्मा म्हणाली. "होगली बिडी. मका कसाय?"