झिलीची जागा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

सुखरूप पोचले. या परक्या देशात हाडं गोठवणारी थंडी आहे आणि माझ्या खोलीचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, बाकी मजेत.

ज्यांच्याबरोबर गायचं त्या बायका मेंढपाळांच्या घरातल्या. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारावी तसं त्यांचं गाणं. एकीचा स्वर संपायच्या आत दुसरी तो उचलते. म्हणजे आपली झीलच की गं! तू ओळ टाकून हळूच 'घे' म्हणायचीस आणि मी तिचं टोक वर ओढायची. तुझं ते 'घे' मी यांना शिकवलं, तर आता जेवताना मीठ पुढे करतानाही 'घे' म्हणतात. 'ळ' मात्र कोणाला जमत नाही. गाण्यातल्या 'डोळा लागला'चं 'डोला लागला' होतं. सर्वांत थोरलीला मी मावशी म्हणते, ती बिचारी आरशासमोर जीभ वळवत बसते.

आता काम. आमची रेकॉर्ड निघते आहे. तीत आईची मोठी अंगाई हवी, पूर्ण, तुझ्या आवाजात. ती तुला एकटीलाच येते. मला मेलीला नुसती ओळींची शेपटं येतात. टेप रेकॉर्ड काढणाऱ्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठव. भाऊजींना नमस्कार. आठवण काढत जा, शिव्या देऊन का होईना.

तुझी,
पिपाणी

२१ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

टेप कचेरीकडे वेगळी पाठवली आहे. शाळेतून यंत्र मागून आणलं आणि दुकानामागच्या खोलीत गणवेशाच्या कापडाच्या ताग्यांमध्ये बसून गायले, तिथे आवाज घुमत नाही. ह्यांना खोकायची बंदी होती. गाणं संपेपर्यंत टोमॅटोसारखे लाल झाले होते.

एक वेडेपणा झाला. जिथे झील यायची तिथे मी थांबतच गेले. 'घे'सुद्धा म्हटलं असेन. जित्याची खोड, दुसरं काय! एकटीने पुढे जाववेना. तू तिथे तुझा आवाज घाल, जागा राखून ठेवली आहे.

घसा जरा बसलाय, डॉक्टर बघताहेत, विशेष काही नाही. हातातलं काम टाकून धावत आलीस तर दारातच उभी ठेवीन. लिहीत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

(पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चोरून लिहितो. तिथला फोन कोणी उचलत नाही. 'विशेष काही नाही' हे खोटं आहे. गाठ वाईट निघाली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस तिचं स्वरयंत्रच काढणार. मग गाणं नाही की बोलणं नाही. ती रोज विचारते, पिपाणीचं पत्र आलं का. जमलं तर लवकर नीघ. – भाऊजी)

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

महिनाभर आम्ही गावोगाव गात हिंडत होतो आणि तुझं पत्र माझ्या बंद दाराखाली पडून होतं. काल आले. भाऊजींच्या ओळी उभ्याउभ्याच वाचल्या. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, ऑपरेशन झालं, ती दवाखान्यात झोपली आहे.

तशीच कचेरीत गेले, निदान टेपवर तरी तू असशील म्हणून. तिथला ध्वनिमुद्रक खुशीत होता. त्याला आपली भाषा येत नाही. त्याला वाटलं, बाई ओळी विसरते आहे आणि मागून कोणी तरी आठवण करून देतं आहे. त्याने सगळ्या थांबायच्या जागा पात्याने कापल्या आणि टेप सलग जोडली. तुकडे केराबरोबर गेले. ती मी ऐकली. ताई, त्यात तू कुठे श्वासच घेत नाहीस. तो म्हणतो, मधे कोरी टेप जोडून देतो. कोऱ्या टेपेत तू कुठे आहेस?

टेबलाखाली एक तुकडा सापडला. यंत्रावर लावला. कापडाची सळसळ, तुझा श्वास आणि 'घे'. संपलं. माझ्याबरोबर आलेल्या मावशीने सवयीने तिथल्या तिथे स्वर उचलला. माझ्या तोंडून काही निघालं नाही. तू मला म्हणाली होतीस आणि मी घेतलं नाही.

तिकिटाची खटपट करते आहे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
पिपाणी

२४ एप्रिल

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

त्या माणसावर रागावू नकोस. मीही उरलेल्या कापडाच्या चिंध्या फेकतेच.

आता गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. ह्यांना बोलवायचं असलं की टेबलावर कात्री आपटते. पहिल्यांदा दचकायचे, आता 'आलो बाईसाहेब' म्हणतात आणि दाराआड जाऊन डोळे पुसतात. परवा गिऱ्हाइकाचं तान्हं दुकानात रडत होतं. मी त्याला मांडीवर घेतलं आणि तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला. पोर आणखीच रडलं. आईने मला गाणं दिलं, मी कोणाला दिलं नाही. तुला नुसती शेपटं दिली आणि फुशारकी मारली. आता पश्चात्ताप तरी कोणत्या तोंडाने करू?

तू ये. पण मला टेप ऐकवू नकोस आणि माझ्यासमोर गाऊ नकोस. सहन होणार नाही. तो तुकडा मावशीला देऊन टाक. तिने घेतलं, तिचं झालं.

इथे थांबते. ती खोड काही जात नाही. उरलीसुरली माया सांभाळून ठेव.

तुझी,
ताई