लोकांसाठी पिशवीचं ऑपरेशन

१७ जुलै, गुरुवार
रिपोर्ट आला. डाव्या स्तनात कॅन्सर. हे इथे लिहायचं की नाही, यातच दहा मिनिटं गेली. लिहिलं.

नागपूरच्या डॉ. बाई बऱ्या आहेत, घाई करत नाहीत. डावं पूर्ण काढावं लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, दोन्ही काढा, एकदाची कटकट मिटवा. त्या म्हणाल्या, उजव्यात काही नाही, मग कशाला? घरात कोणाला होता? आई, मावशी, आजी? मी म्हटलं, कोणाला नाही. सिंधूमावशी लवकर गेली, पण ती काविळीनं. त्यांनी तसं लिहून घेतलं.

येताना बसमध्ये हे खिडकीकडे पाहत बसले. सावनेर आलं. मग म्हणाले, "पाणी पेतं का?"

१९ जुलै, शनिवार
मोठ्या जाऊबाई आल्या. यांनी मला न विचारता त्यांना सांगून टाकलं. रडल्या, डोळे पुसले आणि लगेच कामाला लागल्या. "प्राजूचं पांढुर्ण्याले जमून राहिलं. आता हे बाहेर गेलं तं सोयरीक मोडलीच समज. आपण पिशवीचं ऑपरेशन सांगू."

गर्भाशयाच्या पिशवीला आमच्या सौंसरात मान आहे. निम्म्या बायांची निघालेली. कोणी वाकडा प्रश्न विचारत नाही.

मी हो म्हटलं. माझ्या पोरीला, प्राजूला, मुलगा मनापासून आवडलाय. तिलाही फोनवर पिशवीच सांगितली. ती नागपुरात नोकरीला आहे, दवाखान्यात येईल तेव्हा काय करायचं? जाऊबाई म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा.

२३ जुलै, बुधवार
शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण: शस्त्रक्रिया. स्टाफरूममध्ये बातमी आधीच पोचली होती. "दोन महिने बादली उचलू नका मॅडम." "डिंकाचे लाडू खा." तिघींनी आपापल्या पिशवीची कथा सांगितली. मी मान डोलावत राहिले. त्यातल्या एकीनं माझ्यासाठी पोटाचा पट्टा आणून ठेवलाय, तिचाच, धुऊन. लाज वाटली.

सातवीला समास शिकवले. फळ्यावर लिहिते उजव्या हातानं. उजवंही काढलं तर हा हात किती दिवस वर जाणार नाही? डॉ.ना विचारायचं.

२७ जुलै, रविवार
पांढुर्णा. आईला तरी खरं सांगायचं असं ठरवूनच गेले. आई लसूण सोलत होती. सांगितलं. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "कोन्त्या बाजूले?"
डाव्या.
"सिंधूलेबी डावीकडेच होतं."

मला कळेना. मावशीला तर कावीळ होती.

"कावीळ आमी सांगितली लोकायले. तुह्यं लगन व्हायचं होतं. तिच्या दोन पोरी होत्या. असल्या घरची पोरगी कोन करते?"

आठ महिने मावशी आमच्याच घरी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक चालते, त्या गोटमारीत दगड लागला की पोरं देवीची भभूत लावून पुन्हा नदीत उतरतात, तीच भभूत तिच्या गाठीवर लावत. "फुटलेले डोके बरे होतेत, म्हटलं हेबी जाईन," आई म्हणाली. शेवटी वास यायला लागला तेव्हा तिला मागच्या खोलीत हलवलं. मी नववीत होते. कावीळ म्हणून मी रोज शाळेतून येताना तिला उसाचा रस नेऊन द्यायचे. ती मुकाट्यानं प्यायची. एकदाही म्हणाली नाही की पोरी, मला हे नको.

आईवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. तुमच्यामुळे मी डॉक्टरीणबाईला खोटं सांगून आले. आईचे हात तेवढे थांबले. "मले का माहीत माय, डाक्टर हेबी विचारते म्हणून."

परतीच्या बसमध्ये रडले. मावशीसाठी की स्वतःसाठी, माहीत नाही.

२८ जुलै, सोमवार
डॉ.ना फोन केला. मावशीचं खरं सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता वेगळा विचार करावा लागेल."

दोष घराण्यातून आलाय का, ते रक्तावरून कळतं; उद्याच देऊन यायचं. रिपोर्टला तीन-चार आठवडे, कधी जास्तही. डाव्यासाठी त्यापुढे थांबायचं नाही. ऑपरेशन पोळ्यानंतर, २५ ला. तोवर रिपोर्ट आला तर बरं. नाही आला तर मी ठरवायचं: आत्ताच दोन्ही, की आत्ता डावं आणि उजवं रिपोर्ट पाहून. "उजवं काढल्यानं डावीकडचा आजार जास्त बरा होत नाही, हे लक्षात घ्या. पुढचा धोका कमी होतो." आणि हाताचं म्हणाल्या, काही आठवडे जड जाईल, व्यायामानं येईल वर.

शेवटी म्हणाल्या, रिपोर्टमध्ये दोष निघाला तर मुलीलाही तपासावं लागेल.

दहा दिवसांपूर्वी दोन्ही काढा म्हणताना मी किती शूर होते. तेव्हा गरज नव्हती ना.

३ ऑगस्ट, रविवार
यांना विचारलं, काय करू? "तू म्हणशील तसं." काल वांग्याच्या भाजीत तेल कमी पडलं तर पाच मिनिटं बोलले होते. आणि इथे तू म्हणशील तसं! मी ताट आपटून उठले.

हे मागून स्वयंपाकघरात आले. दारात उभे राहून म्हणाले, "मले भेव लागून राहिलं. दोन्ही काढले तं मी पाहू शकीन का तुह्याकडे, हेच समजत नाही."

वाईट वाटलं. खूप. पण पंचवीस वर्षांत इतकं खरं हे पहिल्यांदा बोलले. पोळी वाढली.

९ ऑगस्ट, शनिवार
राखीसाठी प्राजू आली. चुलतभावाला राखी बांधून आली आणि माझ्याजवळ बसून पोटावर हात ठेवला. "खूप दुखतं का गं आई?"

पोटावर. तिथे तर काहीच नाही. मला उसाचा रस आठवला आणि पुढचं सगळं बोलून गेले. डावं, उजवं, मावशी, भभूत, रक्त, सगळं.

आधी रडली. मग भडकली. "तू पण आजीसारखीच. माझ्यासाठी म्हणून मलाच खोटं सांगितलंस." बरोबर बोलली. जेवली नाही. झोपायच्या आधी इतकंच विचारलं, "म्हणजे मलाही असू शकतं?"
मी म्हटलं, माहीत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
प्राजूनं मुलाला स्वतः फोन करून सांगितलं. कोणाला न विचारता, अंगणात उभी राहून. तो म्हणाला, आईशी बोलून कळवतो.

जाऊबाईंना कळलं. "पोरीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला." माझ्याशी बोलणं बंद. पोरीचं चुकलं असेलही. मला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून भीतीही वाटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
अंघोळ करताना पाहिलं. इतकी वर्षं कुठे पाहिलं होतं? सत्तेचाळीस वर्षांचं अंग, दोन्ही सारखीच उतरलेली. डावं आजारी आहे हे दिसतही नाही.

प्राजू लहानपणी उजवीकडेच प्यायची. डावं तोंडातच घ्यायची नाही, कितीही रडली तरी. आई म्हणायची, पोरगी हट्टी आहे.

उजवं मला द्यायचं नाहीये. हे कोणाला सांगू? रोज सकाळी ठरवते, दोन्ही काढायची, मोकळं व्हायचं, परत त्या टेबलावर जायचं नाही. दुपारपर्यंत मन फिरतं. आणखी एक आहे. मी आत्ताच दोन्ही काढली तर रिपोर्ट यायच्या आधीच मी प्राजूला सांगितल्यासारखं होईल की घराण्यात आहे, तुझंही धरून चाल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. शेजारच्यांचे बैल दारावर आले, ओवाळलं. शेजारीण म्हणाली, "पिशवी काढली का मोकळं वाटते पाहा." हो म्हटलं.

रिपोर्ट नाही. मुलाकडून फोन नाही. अकरा दिवस झाले.

उद्या यांची पांढुर्ण्याला गोटमारीची ड्यूटी. तहसीलमधल्या सगळ्यांना लागते. रद्द करून घ्या म्हटलं. म्हणाले, साहेबाले बायकोच्या पिशवीचं कसं सांगू? खरं सांगितलं असतं तर साहेबानं सोडलंही असतं. आता पिशवीमुळे अडलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
हे संध्याकाळी आले. शर्टावर धूळ. आईकडे जाऊन आले म्हणाले. मला वाटलं, आईनं भभूतीची पुडी पाठवली असेल. नाही पाठवली. निरोप पाठवला: "रेखाले म्हणा, सिंधूचं नाव डाक्टरले सांग. पूर्ण नाव सांग."

२४ ऑगस्ट, रविवार. नागपूर, दवाखाना
सकाळी दहाला भरती. हे खाली औषधं आणायला गेलेत. प्राजू सोबत आहे. तिचा मोबाइल उशीजवळ पालथा ठेवलाय, वाजलेला नाही. रिपोर्ट, डॉ. म्हणाल्या, अजून पाच-सहा दिवस. त्या चारला राउंडला येतील, तेव्हा मी नक्की सांगायचं आणि सही करायची.

सिस्टरनं पुन्हा विचारलं, घरात कोणाला होता? मी सांगितलं. सिंधू, माझी मावशी. पूर्ण नाव सांगितलं, सासरचं आडनावही. सिस्टर म्हणाली, नाव नाही लागत, नातं पुरे. मी म्हटलं, तरी लिहा.

मग प्राजूनं सिस्टरला हळूच विचारलं, मला तपासून घ्यायचं असेल तर? सिस्टरनं तिलाही एक फॉर्म दिला. माझ्या खाटेच्या कडेला बसून भरतेय. नाव, वय, पत्ता. घरात कोणाला, या ओळीवर थोडी थांबली. आजीची बहीण, असं लिहिलं. त्याच्या आधी जागा सोडली होती, तिथे लिहिलं, आई.

माझ्या फॉर्मवर डावं लिहून झालंय. उजव्यापुढची जागा मोकळी आहे. साडेतीन वाजलेत. पेन प्राजूकडे आहे, तिचं झालं की मागून घेईन.