ब्यूलीची पाटी

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या हातचं — हे शेड, जिथं बसून लिहितोय. घराचा जिना. मागचं फाटक, जे कुरकुरत नाही. भात झोडायचं यंत्र, मोटर जुन्या कूलरची. बायकोची, लीलाची चूल, तिचा धूर घरात फिरत नाही. आणि आजपासून रिसॉर्टच्या नावाची आठ इंग्रजी अक्षरं, स्टीलची — BEAULIEU.

कुठल्या कोर्सला गेलो नाही. इंग्रजीसुद्धा डिक्शनरीतून शिकलो.

रिसॉर्टचे मालक अमोघ सर म्हणाले, "काका, इंग्लंडमधल्या गावाचं नाव आहे. मी शिकायला होतो तिथे." नाव मुळात फ्रेंच — अर्थ, सुंदर जागा — हे मात्र मी शोधलं. उच्चारसुद्धा. बोल्यो! तो सूनबाईला कळवला. शुभांगी तिथंच रिसेप्शनला आहे, कच्च्या नोकरीवर. कायम करायचं की नाही ते या महिन्यात ठरणार. तिचा नवरा, माझा निरंजन, टेम्पोवरून पडल्यापासून अंथरुणात. घर सध्या तिच्या पगारावर.

५ नोव्हेंबर, बुधवार

वाईट झालं.

शुभांगी पाहुण्यांना "वेलकम टू बोल्यो" म्हणाली. अमोघ सर सगळ्यांसमोर ओरडले — "ब्यूली! एवढं एक नाव येत नाही तुला?" मला हे लीलाकडून कळलं. आमच्यात सून सासऱ्यापुढं मोठ्यानं बोलत नाही; काही सांगायचं तर सासूकडून.

"कुनी शिकवलं म्हनून इचारलं त्यांनी," लीला म्हणाली. "पोरीनं तुमचं नाव न्हाई घेतलं."

पण फ्रेंच उच्चार बरोबरच आहे!

६ नोव्हेंबर

त्या इंग्लंडच्या गावाचे व्हिडिओ पाहिले. एक पाववाला, एक बस ड्रायव्हर, एक म्हातारी. सगळे ब्यूली म्हणतात. ब्यू लांब, ली आखूड, जोर ब्यूवर.

म्हणजे नाव फ्रान्सचं, पण नांदतंय इंग्रजांत. ते त्यांच्या पद्धतीनं हाक मारणार. लीला तरी माहेरची कमल. लग्नात आम्ही नाव बदललं, आज तिला कमल म्हटलं तर वळूनसुद्धा बघणार नाही.

चूक माझी. हे फक्त इथं लिहितोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिकवायचं कसं? समोर बसून ती बोलणार नाही. तोड काढली — मी शेडमधून फोन लावला, तिनं स्वयंपाकघरातून उचलला. फोनवर मात्र पोरीचा आवाज खणखणीत!

"ब्यूली."

"ली आखूड कर."

"ब्यूली. झालं का, मामंजी?"

मधेच लीला ओरडली — "एका घरात फोन! येडं झालंय समदं घर!" शुभांगी हसली. फोनवर ऐकू आलं.

आता बिनचूक म्हणते. बस ड्रायव्हरसारखं.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षरं बसवायला गेलो. शिडीवर होतो. रिसेप्शनच्या काचा उघड्या, सगळं ऐकू येत होतं. घरी पदर, इथं कोट. अमोघ सरांनी तिला नाव म्हणायला लावलं. म्हणाली — बरोबर.

"चूक. पुन्हा."

पुन्हा बरोबर. पुन्हा "चूक." पाहुणे हसायला लागले. मी ड्रिल बंद केलं. माझा कान फसत नाही. ती बरोबर होती! आणि त्यांनाही ते कळत होतं.

मग ते शिडीखाली आले. "काका, उच्चाराचं काय, येईल हळूहळू. आधी तुमच्या शेडचं बघा. ते आडवं येतंय म्हणून माझ्या रस्त्याला वळसा पडतो. जागा विकायच्या कागदावर सही करा, शुभांगी दुसऱ्या दिवशी कायम."

असं आहे होय!

खाली उतरलो. शेवटच्या अक्षराचा एक स्क्रू आवळायचा राहिला. माझ्याकडून! असं कधी झालेलं नाही.

१० नोव्हेंबर

घरात कुणाला सांगितलं नाही. लीला विचारते, "त्वांड का पाडलंय?"

शेड काय, पुन्हा उभं करता येईल. मागच्या वावरात, चिखलात का होईना. पोरीला रोज त्या काचेत उभं करून हसतात — ते नको. उद्या हो म्हणणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निघायला चप्पल घातली, तर शुभांगी शेडच्या दारात. कामावर गेलेली, भर दुपारी परत. डोक्यावर पदर. पण आवाज फोनवरचा!

"मामंजी, कुटं निघालाय? परवा मला समदं ऐकू आलंय. सही करायची न्हाई."

मी थक्क. लीला घरातून — "अगं हळू! सासरा हाय त्यो!"

"हळू बोलून लई दिवस झालं, आत्याबाई." मग माझ्याकडं बघून — सरळ, तोंडावर — "मी सांगून आले त्यांना. म्हनलं, सर, आता फोन तुमीच उचला. तुमचा उच्चार चांगला हाय."

कोट तिथंच टेबलावर ठेवून आली.

म्हणजे पुढच्या महिन्यापासून पगार नाही. निरंजनची औषधं, सगळं... लीला कपाळाला हात लावून बसली. मी चप्पल काढली.

१२ नोव्हेंबर

अमोघ सर स्वतः आले. शुभांगी उंबऱ्यातच उभी होती, आत गेली नाही. शेडसकट दोन गुंठे — चाळीस लाख. नको म्हणालो.