छत्रीच्या कागदावरचं नाव

धारूर, श्रावण वद्य ८, शके १८३३

चिरंजीव वैजिनाथास काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

क्षेम लिहावं असं काही उरलं नाही. गेल्या साली तुझ्या झाडपाल्याच्या सरकारी दफ्तरासाठी मी वारुळावरच्या रानछत्र्या, म्हणजे अळंबी, वाळवून धाडल्या. तू त्या कागदावर डकवल्यास, खाली ‘भाजी करतात; माहिती पंचाक्षरी, धारूर’ असं लिहिलंस. तुझं ते पत्र मी दुकानात येईल त्याला वाचून दाखवलं. गेल्या आठवड्यात सटवा धनगर छत्र्यांची टोपली घेऊन आला. म्हणाला, आप्पा, सरकार तुमाला इचारतं, मग आमी कुणाला इचारावं? मी तागडी हातात धरूनच मान डोलावली. मंगळवारी त्याची बायको शिवकन्या गेली. लेकरं आजोळी, सटवा मेंढरांमागे. ती भाजी तिनं एकटीनंच खाल्ली होती.

बाबा, आपल्या घरात छत्री कधी शिजली नाही. मी ऐकीव तेच लिहिलं. तो कागद काढून बघ. मी धाडलेलीच विषारी होती का? असेल तर माझं नाव खोड. उशीर करू नकोस, घास उतरत नाही.

तुझा काका

हैदराबाद, भाद्रपद शुद्ध २

ती. स्व. काका यांस वैजिनाथाचा शरणार्थ, वि. वि.

कागद पाहिला. साहेबांनी पुस्तकाशी ताडला. तुमची छत्री खाण्याचीच आहे, लिहिलेलं बरोबर आहे. सटवाची निराळी असणार. दफ्तरी चढलेलं नाव खोडता येत नाही, आणि कारणही नाही. काकूंचं ऐका, जेवत जा. माया आहे तशीच असू द्या.

आपला वैजिनाथ

धारूर, भाद्रपद शुद्ध १२

चि. वैजिनाथास आशीर्वाद, वि. वि.

कागद खोटा निघता तर सांगणाऱ्यांवर ढकललं असतं. तो खरा निघाला; म्हणजे टोपलीत न बघता मीच हो म्हटलं.

सटवाला सांगायला दोनदा गेलो. त्यानं घोंगडी अंथरली. म्हणाला, छत्रीचा दोष न्हाई आप्पा, तुमचं नाव सरकारात हाय. तिनंच कालवणात पाल पडू दिली असंल, लई येंधळी व्हती. मी पाणी पिऊन परत आलो.

काल तो पुन्हा टोपली घेऊन आला. लेकरं आल्यात, येवढं बघून सांगा म्हणाला. मी टोपली पालथी करून छत्र्या पायांनी चिरडल्या. पुन्हा मला विचारू नकोस, एवढंच तोंडून निघालं. पालीचं खोटं आहे, हे निघालं नाही. गाव शिवकन्येला येंधळी म्हणतं आणि मी दुकानात बसून ऐकतो.

तुझ्यावर लोभ आहेच. माझ्यावर ठेव, असं लिहायला हात धजत नाही.

पंचाक्षरी